जिन्याखालची जागा

मित्रांनो, ज्याला कोणीही हौसेने घरी आणत नाही, असा मी एक जुना रोलेटर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझे नावही ऐकले नसेल. चार चाके, दोन मुठी, मुठींखाली ब्रेक, मध्ये बसायला पाट आणि पुढे सामानाची जाळी, एवढाच माझा देह. ज्यांचे पाय थकले त्यांनी माझ्या मुठी धरायच्या आणि मला ढकलत चालायचे. इथे जर्मनीत बाजारात, ट्राममध्ये, बागेत, जिथे पाहाल तिथे माझे भाऊबंद दिसतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. कार्ल्सरूहे शहरातल्या एका दुकानात कुबड्या आणि कमरेचे पट्टे यांच्या शेजारी मला उभे केले होते. एके दिवशी एक उंच, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ आत आले. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी दुकानदारापुढे अशी सरकवली, जणू तो आजार दुसऱ्याच कोणाचा होता. त्यांचे नाव इद्रीस अल-हम्दूनी. मी त्यांच्या वाट्याला आलो.

त्यांना माझी लाज वाटे. खरेच सांगतो. पहिले काही दिवस ते मला मागच्या गल्ल्यांतून नेत. एकदा बाजारात भाजी विकणाऱ्या एका अरब माणसाने त्यांना पाहिले आणि ठेला सोडून तो धावत आला. "उस्ताद! तुम्ही? इथे?" असे म्हणत त्याने त्यांच्या खांद्याचे चुंबन घेतले. त्याच क्षणी उस्तादांनी टाचेने मला हळूच मागे ढकलले. पण भाजीवाल्याचे माझ्याकडे लक्षच नव्हते. तो म्हणाला, "तुमची कादंबरी माझ्या वडिलांनी पिठाच्या डब्यात लपवून ठेवली होती. आम्ही भावंडांनी पीठ झटकून झटकून वाचली."

तेव्हा मला कळले, मी कोणाचा भार वाहतो आहे. मोसुलच्या एका गरीब घरात ते जन्मले. तारुण्यात त्यांनी 'नदीपल्याडचं बिऱ्हाड' ही कादंबरी लिहिली. आपले घर सोडून पैलतीरी राहायला गेलेल्या, आणि रोज सकाळी नदीपलीकडे ते जुने घर पाहणाऱ्या कुटुंबाची ती गोष्ट. अरबी वाचणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. पुढे त्यांनी सत्तेवर बसलेल्यांची थट्टा करणारी कादंबरी लिहिली, तेव्हा मात्र त्यांना तुरुंगात टाकले. सुटल्यावर ते देश सोडून निघाले ते इकडेच आले. त्यांची पुस्तके कितीतरी भाषांत गेली. ते स्वतः मात्र परत जाऊ शकले नाहीत.

तुरुंगाने त्यांना एक खोड लावली होती. बंद खोलीत त्यांचा हात चालत नसे. म्हणून रोज सकाळी ते कठडा धरून जिना उतरत, जिन्याखाली ठेवलेल्या मला बाहेर काढत आणि आम्ही दोघे राजवाड्याच्या बागेत जात असू. ते बाकावर बसत, मला समोर ओढून ब्रेक लावत आणि माझ्या पाटावर कागद ठेवून लिहीत. त्या उंचीवर त्यांचा थरथरणारा हात स्थिर राही. मित्रांनो, मी कारखान्यात बनलो तेव्हा कोणी मला लेखकाचे मेज म्हणेल असे स्वप्नातही वाटले नव्हते! ते आपल्या आईवर कादंबरी लिहीत होते. प्रत्येक वाक्य झाले की स्वतःशी पुटपुटत. एकदा म्हणाले, "आईला आयुष्यभर थांब थांब म्हणत आलो. आता तिच्याकडे जायचं." त्यांना माझी वाटणारी लाज केव्हा गळून पडली, ते आम्हा दोघांनाही समजले नाही.

त्याच इमारतीत उस्तादांच्या वरच्या मजल्यावर उल्का आणि हृषिकेश हे पुण्याचे जोडपे राहत होते. दोघेही सॉफ्टवेअरमधले. त्यांना तनय झाला आणि बाबागाडी आली. उल्काची रजा संपली. आता तनयला पाळणाघरात सोडायचे, ट्राम गाठायची, ऑफिसला पोचायचे, अशी तिची रोजची तारेवरची कसरत सुरू झाली. बाबागाडीही जिन्याखालीच असे. एका सकाळी तिचे चाक माझ्या जाळीत अडकले. उल्काने ओढले, मी कलंडलो, तनय भोकाड पसरून रडू लागला आणि ट्राम निघून गेली. नेमके तेव्हाच इमारतीची देखभाल पाहणारे हेर (म्हणजे श्रीयुत) ब्योलर झाडू घेऊन आले.

"हेर ब्योलर, हे असं रोज चालायचं का?" उल्का जर्मनमध्ये कडाडली. "आग लागली तर इथून बाहेर कसं पडायचं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ब्योलर म्हणाले. "इथे दोन गाड्या मावत नाहीत. एकच ठेवता येईल. कोणती, ते ठरवा."

"आल्झो, हे बघा, मला नोकरी आहे, लहान मूल आहे. त्या आजोबांना कुठे रोज जायचं असतं? रोलेटर तळघरात ठेवा ना."

ती ऑफिसात असताना आम्ही बाहेर पडत असू, हे तिला ठाऊक नव्हते. तिने विचारलेही नव्हते. ब्योलरनी मला उचलले आणि तळघरात नेऊन जुन्या सायकलींमागे उभे केले.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर ओळखीची पावले वाजली. उस्ताद एकेक पायरी चाचपत खाली आले. माझ्या पाटावरची धूळ त्यांनी बाहीने पुसली. मला पायऱ्यांपर्यंत नेले, पहिल्या पायरीवर चढवले, पुढची मात्र त्यांना झेपेना. मी निसटलो आणि त्यांच्या नडगीवर आपटलो. मग ते माझ्यावरच बसले. मला वाटले, आता वर जाऊन ते भांडतील. पण उठताना माझ्या मुठीवर हात ठेवून ते एवढेच पुटपुटले, "माफ कर." अन्याय झाला होता त्यांच्यावर, आणि शरमले होते तेच! ज्या देशाने आसरा दिला तिथे आपण तक्रार करायची नसते, असे त्यांनी मनाशी धरले होते. ते पुन्हा तळघरात आले नाहीत.

पानगळ झाली, हिवाळा आला. तळघराच्या ओलीने माझ्या चाकांना गंज चढला, पाटावर बुरशी आली. पुढे काय घडले ते मला मागाहून मैथिलीताईंच्या तोंडून कळले. मैथिलीताई म्हणजे उल्काच्या सासूबाई. नातवाला सांभाळायला सांगलीहून आल्या होत्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, वाचनाचे भारी वेड. एका दुपारी त्या जिना उतरत होत्या, तर एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसलेले. शेजारी पावाची पिशवी. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत कसेबसे जाऊन आले होते आणि आता त्यांना उठवत नव्हते. मैथिलीताईंनी हात दिला, दारापर्यंत पोचवले. दारावरचे नाव वाचले आणि त्या थबकल्या.

संध्याकाळी उल्का घरी आली तशी त्या म्हणाल्या, "अगं उल्का, तुमच्या खाली कोण राहतं, ठाऊक आहे का तुला?"

"हेर हम्दूनी. का हो आई?"

"अगं, 'नदीपल्याडचं बिऱ्हाड' लिहिणारे ते! आमच्या वाचनालयात तिचं मराठी भाषांतर होतं. दोनदा वाचलंय मी. किती रडले होते! आणि तो माणूस आज पायरीवर बसून धापा टाकत होता. इतक्या म्हाताऱ्या माणसाला कोणी आधाराची गाडी का देत नाही गं?"

उल्काच्या कानशिलांत रक्त चढले. तिने तनयला भरवले, भांडी घासली, एकच भांडे पुन्हा पुन्हा घासत राहिली. शेवटी सासूबाईंकडे पाठ करूनच ती म्हणाली, "आई, त्यांची गाडी होती. ती मी काढायला लावली."

मैथिलीताई रागावल्या नाहीत. तेच तिला जास्त लागले.

शनिवारी उल्का तळघरात आली. तिने मला वर आणले, घासले, पुसले, चाकांना तेल घातले. मग एका हातात शिऱ्याचा डबा आणि दुसऱ्या हातात मी, अशी ती उस्तादांच्या दाराशी उभी राहिली. दार उघडले. मी त्यांना ओळखलेच नाही. ते चौकट धरून उभे होते आणि त्यांचे गुडघे कापत होते.

"हेर हम्दूनी," उल्का म्हणाली, "मला माफ करा. मला खरंच माहीत नव्हतं, तुम्ही एवढे मोठे लेखक आहात ते."

उस्तादांनी तिच्याकडे शांतपणे पाहिले. "बाई, मी लेखक नसतो, तर हा वर आला असता का?"

उल्काची मान खाली गेली.

"नाही," ती म्हणाली.

"खरं बोललात. आभारी आहे." त्यांनी शिऱ्याचा डबा घेतला, मला आत ओढले आणि आवाज न करता दार लावले.

त्यानंतर उल्काने पुष्कळ धडपड केली. बाबागाडी वर घरात नेली. जिन्याखाली मी पुन्हा आलो. सकाळची रजा काढून ती आणि मैथिलीताई उस्तादांना बागेकडे घेऊन निघाल्या. पण इतके महिने खुर्चीत काढलेले पाय आता पाय राहिले नव्हते. वाटेत थांबत, माझ्या पाटावर बसत, दोघींच्या खांद्यांचा आधार घेत ते एकदाचे बाकापर्यंत पोचले. मैथिलीताई आनंदून आपल्या मोडक्या इंग्रजीत त्यांच्या कादंबरीविषयी बोलू लागल्या, तेव्हा ते हसलेदेखील. मग त्यांनी मला समोर ओढले, पाटावर कागद ठेवले, पेन उघडले. हात कागदावर तसाच राहिला. बऱ्याच वेळाने त्यांनी पेनाला टोपण लावले.

"आई लांब निघून गेली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

उल्का बाकाच्या कडेला बसली होती. ओंजळीत तोंड लपवून ती रडली. उस्तादांनी तिची समजूत घातली नाही, आणि तिला दोषही दिला नाही.

वसंतात ते वृद्धाश्रमात गेले. तिथे त्यांना चाकांची खुर्ची मिळाली, माझी गरज उरली नाही. मैथिलीताई सांगलीला परतल्या. उल्का दर रविवारी उस्तादांना भेटायला जाते. ते तनयची चौकशी करतात, हवेविषयी बोलतात, तिने नेलेला खाऊ आवडीने खातात. कादंबरीचे पुढे काय झाले, हे विचारायचा धीर तिला अजून झालेला नाही.

उस्तादांच्या घरात आता हेर त्सिप्फेल नावाचे एक ट्रामचालक राहायला आले आहेत. निवृत्त, एकटे आणि तोंडाचे अतिशय फटकळ. त्यांनी पुस्तक लिहिणे तर सोडाच, वाढदिवसाचे कार्डसुद्धा कधी लिहिले नसेल! ते आले त्याच दिवशी उल्काने त्यांचे दार वाजवले.

"तुम्ही बाहेर कसे जाता?" तिने विचारले.

"तुम्हाला काय करायचंय?" ते गुरगुरले.

"जिन्याखाली एक रोलेटर आहे. लागला तर घ्या. ती जागा तुमची."

त्यांनी आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मला घेऊन बिअर आणायला गेले. आता मी त्यांच्याजवळ असतो. ते मला फुटपाथच्या कडांवर आपटतात, पावसात उभे करतात. जिन्यात उल्का भेटली की ती त्यांना "गुटेन मॉर्गन" म्हणते. माझ्याकडे ती पाहत नाही. नजर दुसरीकडे वळवून हातानेच मला जरा सरळ करते आणि बाबागाडी छातीशी धरून धापा टाकत वर जाते.

मित्रांनो, तुमच्याही इमारतीत दाराशी कोणाची काठी टेकलेली असेल, कोणाची गाडी वाटेत आडवी येत असेल. ती हलवण्याआधी एकदा त्या माणसाचे दार वाजवा. तो किती मोठा, किती नावाजलेला, हे शोधत बसू नका. तो बाहेर कसा जातो, एवढेच विचारा. आणि लवकर विचारा. माझ्या चाकांचा गंज तेलाने निघाला. माणसाच्या पायांना तेल लागू पडत नाही.