घट्ट झाकणाचा डबा

मित्रांनो, झाकणावरच्या फुलांचा मला फार तोरा होता. आज ना फुलं आहेत, ना झाकण. मी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे.

फिलिपिन्समधल्या एका कोळ्यांच्या गावात, पुरा नावाच्या बाईच्या घरी मी नाताळच्या खोक्यातून आलो. कॅनडात नोकरी करणारी तिची बहीण डेलिया दरवर्षी तसलं खोकं पाठवायची. बिस्किटं दोन दिवसांत फस्त झाली. पण खोक्यातलं बाकी काही पुरा वापरायची नाही. साबणाचा वास उडून जाई, टॉवेल वेष्टनातच पिवळे पडत. पाहुण्यांसाठीच्या बशा पाहुणे आले तरी कपाटातच. परदेशातून आलेली वस्तू जपायची, ही त्या गावात घरोघरी रीत होती.

पुराचा नवरा गळा सुजून गेला. वैदूने पाण्यात मेण ओतून सांगितलं, वारुळात राहणाऱ्या बुटक्या भुताचा कोप झाला. मग थोरली मुलगी लिगाया सुजू लागली. कधी हात, कधी पोट. पोट सुजलं की ती गडाबडा लोळायची. ॲलर्जीच्या औषधांनी तसूभरही फरक पडत नसे. शेवटी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, "हे बापाकडून आलंय. रक्तातलं एक प्रथिन नीट काम करत नाही. वेगळं औषध लागतं, आणि ते आपल्याकडे मिळत नाही."

ते डेलियाने आणलं. एकच इंजेक्शन.

"सूज दिसली की लगेच पोटाच्या कातडीखाली टोचायचं, ताई. वाट बघायची नाही," ती बजावून गेली. पुढे फोनवर म्हणाली, "आता सुजेच्या सुरुवातीला गिळायच्या गोळ्या निघाल्यात. सूज येऊच नये म्हणून दर दोन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शनही आहे. एकदाच सलाईन लावून मूळ दोषच दुरुस्त करायचे प्रयोग चाललेत."

"चालू देत," पुरा म्हणाली. "ते इथे येईपर्यंत माझी हाडं मातीत जातील. आहे ते मला जपू दे."

तिने इंजेक्शन माझ्यात ठेवलं. खारी हवा आणि मुंग्या लागू नयेत म्हणून झाकणाभोवती चिकटपट्टीचे आठ वेढे दिले आणि मला देवाच्या मूर्तीमागे बसवलं. मला केवढा अभिमान वाटला!

लिगायाचा हात सुजला, पुरा म्हणाली, उतरेल. पोट सुजलं, म्हणाली, सोस गं, पुढे जिवावर बेतलं तर काय करू?

"नानाय, माझ्या लग्नात तरी डबा उघडशील ना?" लिगाया आईला हसत चिडवायची.

मग तिने दाढ काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ सुजला.

"नानाय, आता घेऊ?"

"दाढ काढल्यावर सूज येणारच. थांब जरा."

लिगाया थांबली. ती वाळत घातलेले मासे उलटत होती. दुपारी तिचा आवाज घोगरा झाला. पुरा धावत आली, तिने मला ओढलं. चिकटपट्टी निघेना. सुरीने कापली, तर झाकण गंजून चिकटलेलं. तिची नखं मोडली, माझ्यावर रक्त लागलं. मी उघडलो. सुई टोचली. पण औषध कामाला लागायला जेवढा वेळ लागतो, तेवढा लिगायापाशी उरला नव्हता. दवाखान्याकडे नेताना होडीतच ती गेली.

घट्ट बसणं हा माझा गुण होता, मित्रांनो. त्या दिवशी मला त्याची लाज वाटली, अजून वाटते.

मातीहून परतल्यावर पुराने माझं झाकण दगडाने ठेचून समुद्रात फेकलं. धाकट्या मायुमीच्या रक्तातही तेच निघालं. डेलियाने पुन्हा दोन इंजेक्शनं आणली. ती घेऊन मी उघडाच जेवणाच्या टेबलावर असतो.

परवा मायुमीचा ओठ किंचित सुजला. पुरा भात टाकून उठली.

"एवढंसंच तर सुजलंय, नानाय," दहा वर्षांची पोर म्हणाली. "ठेवून देऊ या ना. पुढच्या वेळी होईल."

पुराचा हात थांबला. "आपल्या घरात आता काही ठेवून द्यायचं नाही, बाळा," ती म्हणाली, आणि तिने सुई टोचली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा डबा असेल. त्यात कुणाचं औषध असेल, तर आजच त्याचं झाकण काढून ठेवा.