बेंबीचा वास

"बाई, लेकीच्या बेंबीले वास येऊन राह्यला. वाशीमले नेऊन दाखव," सुईण हिरीबाईने बाळंतपणाच्या सहाव्या दिवशीच सांगितलं होतं.

कस्तुराने ते हसण्यावारी नेलं. अमरावतीला इंटर सायन्स केलेली ती. नाळ उकळलेल्या कात्रीने कापायला लावली होती, राख लावू दिली नव्हती. मग वास कसला? शेणात वावरून तुझ्या नाकातच वास भरलाय, म्हणाली.

हिरीबाई रागावली नाही. "माह्यं नाक शिकेल नाई बाई, पन खोटं बोलत नाई."

कस्तुराने बोरिक पावडर भुरभुरली. चार दिवस लेकरू तापाने कढत राहिलं, मग बेंबी सुकली. झालं.

आता ती लेक, तुळसा, चार वर्षांची. वर्षभर तिच्या डाव्या कुशीत घट्ट गोळा लागत होता. हिवतापाने पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय, म्हणत सगळे. गोळ्या झाल्या, पण त्या वर्षात ताप तर कधी नव्हताच. काल तिने वाटीभर काळं रक्त ओकलं.

वाशीमच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं. विचारलं, जन्मल्यावर हिची बेंबी पिकली होती का?

"नाई साहेब, सारं शास्त्रानं केलं हिनं," जगदेव बायकोकडे बघत कौतुकाने म्हणाला.

डॉक्टर हिवतापाचं औषध लिहू लागले. कस्तुरा टाकाकडे बघत राहिली. पदराचं टोक पिळून पिळून चिंधी झालं.

"पिकली होती," ती म्हणाली. "वासही येत होता. मला सांगितलं होतं."

टाक थांबला. बेंबीतला पू रक्तात गेला, डॉक्टर सावकाश सांगू लागले. यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत रक्त गोठलं, वाट बुजली. म्हणून पानथरी तुंबते, अन्ननळीतल्या शिरा फुटतात. त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि नागपूरच्या सर्जनला चिठ्ठी दिली. आजच निघा, म्हणाले.

स्टेशनवर गाडीला तास होता. तुळसा बापाच्या मांडीवर निजली होती, ओठ कागदासारखे पांढरे. कस्तुरा बसे, उठे, तिच्या नाकाशी बोट धरी. मधेच ती थबकली. धनजला नणंद प्रयाग आठ दिवसांची बाळंतीण. सुईणीचं ऐकू नकोस, नुसतं बोरिक लाव, हे तिला कस्तुरानेच बजावलं होतं.

तिने पोस्टकार्ड आणवलं आणि गुडघ्यावर धरून लिहिलं:

"प्रयागला वाचता येत नाही. हे कार्ड ज्याच्या हाती पडेल, त्याने नुसतं वाचून दाखवू नये. आधी उठून तिच्या घरी जावं, बाळाच्या बेंबीवरचा कपडा काढावा आणि हुंगून बघावं."