लाल टोपीखालचा माणूस

लाल टोप्यांची कल्पना डॉरीनची. इंग्लंडमधल्या लीक गावच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची नाताळची सहल म्हणजे डॉरीनचं राज्य. बस तिने ठरवायची, कोणी कुठे बसायचं ते तिने सांगायचं आणि कोणी उशीर केला की वर्षभर टोमणेही तिनेच मारायचे. यंदा तिने सकाळी बसच्या दारातच प्रत्येकाच्या हातात पांढऱ्या गोंड्याची लाल टोपी ठेवली. "डोक्यावरून काढायची नाही. वूस्टरच्या गर्दीत मला माझी मेंढरं ओळखता आली पाहिजेत," ती म्हणाली. नाताळच्या बाजारात दुसरं कोणी लाल टोपी घालून येणारच नाही, असं तिला का वाटलं देव जाणे.

ग्लेनिसला टोपीचं काही नव्हतं. तिचं सगळं लक्ष नवऱ्याकडे होतं, आणि आपलं लक्ष आहे हे कोणाला दिसू नये याकडेही होतं.

क्लाइव्ह विसरायला लागला होता. अर्ध्या गावाचे नळ आणि बॉयलर दुरुस्त केलेला हा माणूस, त्याने उन्हाळ्यात एकदा विजेची किटली गॅसवर ठेवून गॅस पेटवला. प्लॅस्टिक वितळून ओट्यावर आलं, घरभर धूर झाला. ग्लेनिसने खिडक्या उघडल्या, ओटा खरवडला आणि "किटली जुनीच झाली होती," म्हणून विषय मिटवला. त्याला स्वतःला काही कळलेलं नाही असं ती धरून चालली होती, आणि कळू द्यायचं नाही असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

मंडळाला तर मुळीच कळू द्यायचं नव्हतं. गेल्या वर्षी मंडळातल्या ह्यूबर्टचं असंच सुरू झालं, तेव्हा डॉरीनने त्याच्या बायकोला घरी बोलावलं, चहा पाजला, केक खाऊ घातला आणि मधाळ आवाजात सांगितलं, "आपल्या सहलीच्या विम्यात हे बसत नाही गं." त्यानंतर सहलीला ह्यूबर्ट नाही की त्याची बायको नाही. ती बाई आता दुकानात दिसली तरी लोक डब्यांवरच्या किमती वाचायला लागतात. ग्लेनिसला त्या बाईसारखं चार भिंतींत बसायचं नव्हतं.

तर बसमध्ये ती पुढे बसली, कारण तिला बस लागते. क्लाइव्ह शेवटच्या बाकावर बसला, कारण त्याचा गुडघा वाकत नाही. दरवर्षी असंच बसायचे, म्हणून यंदाही तसंच बसायचं.

वूस्टरला कॅथीड्रलच्या खालच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. गरम मसालेदार वाइनचा, भाजलेल्या डुकराचा, साखरेचा वास सगळीकडे कोंदला होता, आणि डोक्याडोक्यावर लाल टोप्या. ग्लेनिसने दिवसभर क्लाइव्हच्या निळ्या कोटाची बाही धरून ठेवली होती, थंडी वाजते म्हणून धरली आहे असं दाखवत. दुपार कलली, अंधारायला लागलं, पावसात बर्फाचे कण यायला लागले. ती पावाच्या रांगेत उभी असताना क्लाइव्ह म्हणाला, "गुडघा ठणकतोय. मी आपला बसमध्ये जाऊन बसतो."

बस नदीकाठच्या तळावर उभी होती, फार लांब नाही. पण नदीकाठी.

"थांब, मी येते," ती म्हणाली.

"काय गं," मागून डॉरीनचा आवाज आला, "नवऱ्याला एकटं सोडवत नाही का? हरवेल की काय?"

सगळ्या हसल्या. ग्लेनिसही हसली. "हरवायला लहान आहे का तो! जा रे, जा," ती म्हणाली, आणि तिने बाही सोडली.

पाव तिला गिळवला नाही. ती धापा टाकत तळावर आली तेव्हा एकाच कंपनीच्या सारख्याच पांढऱ्या बसगाड्या अंधारात ओळीने उभ्या होत्या. आपली बस तिने ड्रायव्हर गॅरीवरून ओळखली. आत दिवे मालवलेले होते. तिने पायऱ्या चढून मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर निळा कोट, नाकापर्यंत ओढलेली लाल टोपी, आणि घोरणं. मागे जाऊन अंगावर पांघरूण घालावं असं तिला वाटलं, पण मागोमाग आलेली डॉरीन दारातच उभी होती. म्हाताऱ्या नवऱ्याला कोण असं जाऊन बघतं? ती आपल्या जागेवर बसली.

सगळे चढल्यावर डॉरीनने प्रत्येक बाकाच्या पाठीवर हात ठेवत डोकी मोजली. "बरोब्बर! हाक रे गॅरी."

परतीच्या वाटेवर बक्षिसांची सोडत काढायची हा लीककरांचा नेम. हायवे लागला, दिवे लागले, नाताळचे कागदी मुकुट निघाले, शेरीच्या बाटल्या आणि बिस्किटांचे डबे बाकावर मांडले गेले. डॉरीनने चिठ्ठ्या भरलेल्या एका टोपीत हात घातला आणि चिठ्ठी वाचली. "पहिलं बक्षीस, शेरी! आणि मानकरी आहे, आपला क्लाइव्ह!"

टाळ्या पडल्या. "उठवा त्याला!" "झोपेत जिंकला लेकाचा!" डॉरीन बाटली घेऊन डुलत मागे गेली आणि तिने लाल टोपी झटक्यात उचलली.

हसणं मागून पुढे विझत आलं. ग्लेनिस उठून उभी राहिली.

"हा कोण?" डॉरीन म्हणाली.

टोपीखालच्या माणसाला भुरभुरीत मिशा होत्या. तो डोळे चोळत बसमधल्या एकेकाकडे बघत राहिला. "पॉलीन कुठे गेली?" त्याने विचारलं. "तुम्ही कोण सगळे?"

"तुम्ही कोण ते सांगा आधी!"

"मी नॉर्मन. नॅन्टविचचा." त्याच्या तोंडाला वाइनचा भपकारा येत होता. "अरे देवा. मी चुकीच्या बसमध्ये चढलो वाटतं."

ग्लेनिसला पुढचं काही ऐकू येईना. ती बाकांना धरत धरत मागे गेली, जणू क्लाइव्ह कुठल्यातरी बाकाखाली सापडेल. मग तिने पर्समधून फोन काढून त्याचा नंबर लावला. वरच्या फळीवर सकाळपासून ठेवलेल्या त्याच्या पिशवीत घंटी वाजायला लागली. ती वाजत राहिली, आणि ती बंद करायचंही कोणाला सुचलं नाही.

"गॅरी, वळव!" डॉरीन ओरडली.

"हायवेवर कुठे वळवू, डॉरीनबाई? पुढचा थांबा येऊ दे." गॅरीची मान ताठ झाली होती. "नॅन्टविचची गाडीही आमच्याच डेपोची. त्या ड्रायव्हरला लावतो फोन तिथून. तुम्ही पोलिसांना लावा."

डॉरीनने पोलिसांना फोन लावला. उंची, कोट, केस. तिचा आवाज आज पहिल्यांदाच लहान झाला होता. मग तिने फोनवर हात ठेवून विचारलं, "ग्लेनिस, ते विचारताहेत, त्याला काही आजार आहे का? विसरायला होतं का, गोंधळतो का, असं काही?"

"नाही," ग्लेनिस म्हणाली.

शब्द तिच्या तोंडून असा गेला की तिचा तिलाच धक्का बसला. डॉरीनने फोनवर तेच सांगितलं, पलीकडचं ऐकलं आणि ती जरा सैलावली. "ते म्हणतात, मग घाबरू नका. शहाणासुरता माणूस आहे, बस चुकली म्हणून कुठेतरी पबमध्ये बसला असेल. येईल तासाभरात."

बस सुटकेचा श्वास सोडत होती. ग्लेनिसला मात्र ती नदी दिसत होती. सेव्हर्न नदीला पावसाने पूर आला होता, पाणी तळाच्या कठड्याला लागून काळंभोर वाहत होतं. तिच्या डोळ्यांसमोर क्लाइव्ह तिथे उभा होता, आपण कुठे आलोय हे न कळता, कोणाला विचारायचं तेही न कळता. आणि त्याला शोधायला कोणी निघणार नव्हतं, कारण तिने नाही म्हटलं होतं.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. कोणी वळलं नाही. मग ती ओरडली, "खोटं बोलले! विसरतो तो! सगळं विसरतो! गेल्या आठवड्यात आपल्याच गल्लीत रस्ता चुकला. त्याला आपला पत्ताही सांगता यायचा नाही. सांग त्यांना, डॉरीन, सांग, नदीवर माणसं पाठवा म्हणावं!"

कागदी मुकुट घातलेली सगळी डोकी तिच्याकडे वळली. डॉरीनने भराभर फोनवर सांगितलं. मग फोन खाली ठेवून ती म्हणाली, "मला का नाही बोललीस गं? मी काय परकी आहे?"

"ह्यूबर्टला विचार," ग्लेनिस म्हणाली.

डॉरीनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने आपल्या डोक्यावरची टोपी काढली आणि मुठीत चुरगाळली.

थांब्यावर बस लागली. गॅरी खाली उतरून फोनवर बोलत होता. काचेतून त्याचे हातवारे दिसत होते. ग्लेनिस त्यांच्यावरून नजर काढत नव्हती. नॉर्मन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, पार उतरलेल्या तोंडाने. "चूक माझी आहे हो बाई. बायको गेल्यापासून पहिलीच सहल माझी. मंडळात धड कोणी ओळखतही नाही मला." तिला त्याची दया यायला हवी होती. पण त्या क्षणी तिला त्याचा गळा धरावासा वाटला.

गॅरी आत आला. "नॅन्टविचची गाडी आपल्या मागेच आहे, इथेच येतेय. पण तो म्हणतो, आमचं कोणी कमी नाही. मोजून निघालो."

"कमी कसं नाही? मी इथे आहे ना!" नॉर्मन म्हणाला.

"तेच म्हटलं मी. तर त्यांची सहल सांभाळणाऱ्या पॉलीनबाई मागे जाऊन विचारून आल्या. एक म्हातारा आहे शेवटच्या बाकावर, निळा कोट. पण..." गॅरीने ग्लेनिसकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "तो म्हणतो, मी नॉर्मन."

नदीत बुडालेला क्लाइव्ह ग्लेनिसने मघापासून शंभरदा पाहिला होता. पण ही भीती वेगळी होती. तो जिवंत असेल, धडधाकट असेल आणि तरी आपला नसेल, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. किंवा तो क्लाइव्ह नसेलच, भलताच कोणी असेल, आणि क्लाइव्ह अजून त्या कठड्यापाशी असेल. यातलं कशाला जास्त घाबरायचं, तिला कळेना.

दुसरी बस आवारात शिरली. ती पूर्ण थांबायच्या आत ग्लेनिस दारावर थापा मारत होती. दार उघडलं. अनोळखी लाल टोप्यांच्या रांगांमधून ती मागे गेली.

तो क्लाइव्हच होता. शेवटच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून, अगदी ताठ बसलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग ओठ हलले.

"ग्लेन?" तो पुटपुटला. "तू ग्लेनच ना?"

"हो रे. मीच. मीच आहे." ती धपकन शेजारी बसली. त्याचे हात बर्फासारखे गार होते. "तू आपलं नाव नॉर्मन का सांगितलंस?"

"त्या बाईने दारातच धरलं मला," तो हळू आवाजात म्हणाला, पुढे उभ्या असलेल्या पॉलीनला ऐकू जाऊ नये म्हणून. "म्हणाली, नॉर्मन, चल बाबा, तुझ्यासाठीच खोळंबलोय. इतक्या खात्रीने म्हणाली गं. मला वाटलं, असेन."

ग्लेनिस त्याचे गार हात चोळत राहिली.

"वाद कुठे घालायचा? ती मला ओळखत असेल आणि मीच तिला विसरलो असेन, तर वाईट वाटेल तिला. म्हटलं गप्प बसावं. बस कुठेतरी थांबेल, कुठलंतरी घर येईल. घर बघितलं की कळेल मी कोण ते." त्याने काचेकडे पाहिलं. "पण बाहेर ओळखीचं काही येईचना."

"अरे, मला एकदा सांगायचंस तरी. विसरायला होतंय म्हणून."

"ईस्टरपासून कळतंय मला. तुझ्यापासून लपवत होतो. तू घाबरली असतीस."

ती त्याच्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडायला लागली. अनोळखी माणसं माना वळवून खिडकीबाहेर बघू लागली. क्लाइव्हने तिला जरा वेळ रडू दिलं. मग विचारलं, "आणखी कोणाला माहीत आहे?"

"अख्ख्या बसला. ओरडून सांगितलं मी. डॉरीनसकट सगळ्यांना."

तो चिडला असं तिला वाटलं, आणि चिडायचा त्याला हक्क होता. पण त्याचे खांदे खाली आले, आणि त्याने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"बरं केलंस," तो म्हणाला. "एकट्याला फार भीती वाटायची गं."