बिनचिठ्ठीची सायकल

ज्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ते वहीतून फाडलेल्या पानावर लिहिलेलं होतं. अक्षर मोठं आणि सावकाश, प्रत्येक शब्द लिहून झाल्यावर एकदा वाचून पाहिल्यासारखं. मजकूर एवढाच :

‘साहेबांना नमस्कार. चौकातला तुमचा कार्यक्रम चांगला झाला. सायकलीला पांढरा रंग दिलात, तोही चालेल. आता तुमचं काम झालं असेल तर तेवढं पुढचं चाक नीट करून सायकल परत द्यावी. मला कामावर जायला लागते. त्या वेळेला बस नसते. जो खर्च होईल तो पगार झाल्यावर देईन.’

खाली त्यांचं नाव होतं, आणि नुसत्या नावावरून कुणाला कळणार नाही असं वाटून पुढे कंसात लिहिलं होतं : अपघातात गेले त्यांची पत्नी.

पत्रांना उत्तरं देणं हेच संस्थेतलं माझं काम. आमची संस्था म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत दोन टेबलं, नकाशांच्या गुंडाळ्या आणि ताई. मागच्या खोलीत मिस्त्री आणि सायकली. ताईंनी चांगली चाललेली वकिली सोडून ही संस्था काढली. मोठ्या रस्त्यांवर सायकलींसाठी वेगळी, कठडा घातलेली पट्टी हवी म्हणून त्या वर्षानुवर्षं नगरपालिकेशी भांडतायत. मिस्त्री लोकांच्या सायकली स्वस्तात दुरुस्त करतात, त्यावर भाडं आणि चहा निघतो. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालो. समोर माणूस आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. कागद आला की सुटते. ताईंनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि टपालाचा ट्रे माझ्याकडे सरकवला. तेव्हापासून मी पत्रकाका. एक गृहस्थ दर महिन्याला लिहितात की सायकलवाले शीळ घालत जातात, त्यांना आवरा. त्यांनाही मी न चुकता उत्तर देतो.

मिस्त्री जेवायला गेले की मागची खोलीही मी सांभाळतो. तिथला नियम सोपा आहे. दुरुस्तीला आलेल्या सायकलीच्या हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची : नाव, पत्ता, तक्रार. पुष्कळ लोक जुनी सायकल नुसती देऊनही जातात. तिला चिठ्ठी नाही. बिनचिठ्ठीची सायकल संस्थेची. मिस्त्री तिचे भाग काढून दुसऱ्यांना लावतात.

त्या बाई अशाच जेवणाच्या सुट्टीत आल्या. पुढचं चाक वाकलेलं होतं, म्हणून सायकल पुढून उचलून धरत आणली होती. भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, “यांची सायकल.”

मी ओळखलं. चौकात वळणाऱ्या ट्रकखाली ते गेले, त्याला पंधरवडाही झाला नव्हता. पेपरात फोटो आला होता. मी चिठ्ठी हातात घेतली, पेन उघडलं. विचारायचं होतं ते रोजचंच : तक्रार काय? पण जिच्यावरून जाताना नवरा गेला त्या सायकलीबद्दल बाईला असं विचारायचं तरी कसं? मी पेन बंद केलं आणि मान खाली घातली. त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबल्या असणार, हे मला आता कळतं. मग गेल्या. आपण फार समजूतदारपणे वागलो, असं मला वाटलं.

मिस्त्री आले. “ही कुणाची?”

“त्या अपघातातल्या गृहस्थांची. पत्नी देऊन गेल्या.”

ताईंना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. सायकलस्वार जिथे अपघातात जातो तिथे पूर्ण पांढरी रंगवलेली सायकल उभी करायची, अशी पद्धत काही शहरांत आहे. लोकांनी पाहावं, सावकाश जावं. “आणि आपल्याकडे तर खुद्द त्यांचीच आहे,” ताई म्हणाल्या. मिस्त्रींनी टायरपासून सीटपर्यंत सगळी सायकल पांढरी केली आणि चौकातल्या रेलिंगला साखळीनं बांधली. पाटीवरचा मजकूर माझा : ‘ही सायकल त्यांच्या पत्नीने शहराच्या स्वाधीन केली आहे. तिच्याकडे पाहून वेग कमी करा.’ ताईंनी तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाल्या, “काका, याला म्हणतात लिहिणं!” घरी येऊन मी ते हिला दोनदा ऐकवलं.

कार्यक्रमाला बाई पहिल्या रांगेत होत्या. ताईंनी माईक पुढे केला, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. नंतर बराच वेळ त्या सायकलीकडे बघत होत्या. सगळ्यांनी त्यांचे फोटो काढले.

मग ते पत्र आलं.

मी उत्तर लिहायला घेतलं नाही असं नाही. चार-पाच मसुदे फाडले. तोवर पांढऱ्या सायकलीचा फोटो आमच्या प्रत्येक पत्रकावर आला होता, लोक सह्या द्यायला आपणहून येत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नगरपालिकेनं त्या रस्त्यावरच्या पट्टीचा विषय पुढच्या बैठकीसाठी घेतला होता. ताईंचा चेहरा उजळला होता. तिथे हे पत्र कसं काढायचं? मी ते शब्दकोशात ठेवलं. शब्दकोश तर रोज उघडतो, म्हणजे विसरणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली. पुढे मी शब्दकोश उघडायचाच बंद केला.

एका सकाळी रक्त तपासायला उपाशीपोटी जायचं होतं, म्हणून लवकर निघालो. मीही सायकलच चालवतो, पायी चालणारे पुढे जातील इतकी सावकाश. चौक जवळ आला तेव्हा पांढऱ्या सायकलीपाशी त्या दिसल्या. खांद्याला डब्याची पिशवी. इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्या कामाला आहेत, हे मागाहून कळलं. त्यांनी वाकून मागचा टायर अंगठ्यानं दाबला. मग पुढचा. हवा किती आहे ते बघायला आपण दाबतो ना, तसा. मग पदराला अंगठा पुसून भरभर चालायला लागल्या.

मी ब्रेक दाबला. मिस्त्रींनी नुकतेच बदललेले ब्रेक, जागच्या जागी लागले. रस्त्याकडेला एक टेम्पो उभा होता. त्याच्याआड मी सायकल घेतली आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत तिथेच उभा राहिलो. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती.

त्या दिवशी शब्दकोशातलं पत्र काढलं आणि आधी मागच्या खोलीत गेलो.

“मिस्त्री, त्या पांढऱ्या सायकलीचं काय काय केलंत?”

“का? चोरली की काय कुणी?”

“नाही. परत चालती करायची म्हटली तर?”

मी पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं, वरची तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

“हे इतके दिवस कुठं होतं?”

“माझ्याकडे.”

“चिठ्ठी नव्हती, काका. चिठ्ठी नसली की मी विचारत नाही.”

“माहीत आहे.”

“पण विचारायला हवं होतं,” ते पाना खाली ठेवत म्हणाले. “चेन घासूनपुसून तेल दिलेली होती. टाकून द्यायची सायकल कुणी घासतं का? तेव्हाच मनात आलं होतं. म्हटलं, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय.” मग बोटांवर मोजत सांगायला लागले. “चेन काढून दुसऱ्या एका सायकलीला लावली. चाकांचे नट झाळून टाकलेत, चोरीला जाऊ नयेत म्हणून. पॅडल जाम. आणि ब्रेक...”

“ब्रेक कुठे आहेत?”

ते मानेनंच दाराकडे खुणावत म्हणाले, “त्यांवरच आलात ना आज? तुमचे पार घासले होते. म्हटलं, म्हातारा माणूस, उतारावर पडेल कुठंतरी.”

मी स्टुलावर बसलो. रक्त द्यायला गेलोच नाही, हे तेव्हा आठवलं.

ताईंनी पत्र दोनदा वाचलं.

“पहिल्या रांगेत बसवलं मी त्यांना,” त्या म्हणाल्या. “माईकसुद्धा दिला. नको म्हणाल्या तर मला वाटलं, दुःख आहे. काका, त्या सायकल कधी मिळणार याची वाट बघत बसल्या होत्या!”

“चूक माझी आहे. मी चिठ्ठी...”

“बुधवारी नगरपालिकेची बैठक आहे. आत्ता ती सायकल तिथून हलली तर पेपरवाले काय लिहितील? गेलेल्या माणसाची सायकल बायकोकडून लाटली. आणि ते खरंच असेल, हे आणखी वाईट.” त्या उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या. “त्यांना नवी देऊ. गिअरची, चांगली. तुम्ही लिहा. त्याच रस्त्यानं जातात ना त्या? पट्टी झाली तर त्यांच्याचसाठी होणार आहे. मी काय माझ्यासाठी करतेय?”

“नाही, ताई.”

“मग लिहा. तुम्हाला छान लिहिता येतं.”

ते ‘छान’ मला लागलं. पण लिहिलं. घरी जेवण झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. ‘गैरसमजातून घडलेल्या प्रकाराबद्दल खेद’ होता, ‘आपल्या भावनांचा आदर’ होता, ‘नवीन सायकल सस्नेह भेट’ होती.

“गैरसमज कुणाचा? त्या बाईचा?” हिनं विचारलं.

“आमचा.”

“तसं वाटत नाही ऐकून. वाटतं, तिनंच काहीतरी भलतं मागितलंय आणि तुम्ही मोठ्या मनानं पदरात घालताय.” ताटं उचलता उचलता ती थांबली. “तिला नवी हवीय का पण?”

“नवी कुणाला नको असेल?”

“विचारलंत?”

मी पत्राची घडी घालायला लागलो.

“अहो, मागच्या खेपेला विचारलं नाहीत म्हणून हे रामायण झालं. आता परत न विचारताच? जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात, त्याचा पगार मिळत होता. आता स्वतःची एक काढा, फुकट.”

दुसऱ्या दिवशी मी ताईंसमोर उभा राहिलो. बसून बोललो असतो तर बोलणं झालं नसतं. म्हटलं, “त्यांना विचारू या. तीच दुरुस्त करून हवी की दुसरी, ते त्या सांगतील.”

“आणि तीच मागितली तर?”

“तर द्यायची.”

“बुधवारच्या आधी?”

“आधीच.” माझा आवाज मलाच परका वाटला.

ताई बराच वेळ टेबलावरच्या पत्रकांकडे बघत होत्या. प्रत्येकावर ती सायकल. मग म्हणाल्या, “ठीक आहे. पण बैठकीचं लिहा पत्रात. काय पणाला लागलंय ते त्यांना कळू दे.”

मी लिहिलं. आणि मग खोडलं. जी बाई रंगाबद्दल ‘तोही चालेल’ लिहिते, ती बैठकीचं वाचून काय उत्तर देईल हे सांगायला नको. राहू दे म्हणेल, आणि रोज चालत जाईल. ताईंनी कागद घेतला, खोडलेल्या ओळीवर त्यांची नजर थांबली. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी खणातून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं आणि नकाशा उलगडून त्यात डोकं घातलं.

पाटी मात्र मिस्त्रींनी दुपारीच उतरवून आणली. त्यासाठी कुणाला विचारायची गरज नव्हती. मग त्यांनी माझ्या सायकलीचे ब्रेक काढून कागदात गुंडाळून ठेवले.

पत्र शेवटी असं झालं :

‘आपण सायकल दुरुस्तीला आणली होती. मी चिठ्ठी बांधली नाही आणि आपल्याला काही विचारलं नाही, म्हणून पुढचं सगळं झालं. आपण ती शहराला दिली असं पाटीवर मी लिहिलं, ते खोटं होतं. पाटी काढली आहे. सायकलीची चेन आणि ब्रेक आम्ही काढून दुसरीकडे लावले होते, ते परत बसतील. ब्रेक माझ्या सायकलीला होते. चाकं नवी घालावी लागतील. मिस्त्री म्हणतात, चार-पाच दिवसांत चालती होईल. रंग आपण सांगाल तो. खर्च आपण द्यायचा नाही. तीच हवी, की दुसरी, की आणखी काही, हे आपण सांगाल तसं आणि सांगाल तेव्हा करू. आपलं पत्र मला फार पूर्वी मिळालं. लाज वाटत होती म्हणून उत्तर दिलं नाही. हे कारण पुरेसं नाही.’

खाली संस्थेचा शिक्का न मारता माझं नाव घातलं.

“पोस्टानं कशाला?” मिस्त्री म्हणाले. “दहा मिनिटांवर राहतात बाई. नेऊन द्या की हातात.”

खरं होतं. द्यायला हवं होतं. पण समोर गेलो तर मी पुन्हा मान खाली घालीन, आणि त्यांना वाटेल, किती समजूतदार माणूस आहे. मिस्त्रींना मी एवढंच म्हटलं, “मला जमणार नाही.” त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

औषधांच्या दुकानाशेजारी पोस्टाची पेटी आहे, तिथवर चालत गेलो. पाकीट अर्धं आत घातलं आणि ते तसंच धरून उभा राहिलो. मनात येत होतं, ‘पुरेसं नाही’ हे शेवटचं वाक्य जरा नटवं झालंय का? ते काढून पुन्हा लिहावं का? मागे कुणीतरी खाकरलं. हातात लांबट पाकीट घेतलेला एक माणूस खोळंबला होता.

“टाकताय ना, काका?”

“टाकतो,” म्हटलं, आणि सोडलं.