लिगायाची वाक्प्रचारांची वही

मित्रांनो, मी निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही आहे. माझ्या पानांवर इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ लिहिले आहेत. ज्या बाईने ते लिहिले ती आता नाही. त्यात माझाही दोष आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका गव्हाच्या गावात क्लेमने मला बायकोसाठी विकत घेतलं. लिगाया फिलिपिन्समधून लग्न करून आली होती. शाळेतलं इंग्रजी तिला चांगलं येई, पण गावाचं बोलणं तिला कळत नसे.

शनिवारी टेनिस क्लबात चहा असे. तिथे ग्लेनिसने तिला विचारलं, "कशी आहेस गं?" ग्लेनिस गावच्या छोट्या इस्पितळात नर्स होती. नर्सच विचारते आहे म्हणून लिगायाने खरं सांगितलं. कंबर दुखते, झोप लागत नाही, आईची आठवण येते. सांगता सांगता तिचे डोळे भरले. बायका आपापल्या कपात बघत राहिल्या. ती कप विसळायला आत गेली तशी ग्लेनिस म्हणाली, "बाई गं, मी आपलं नुसतं विचारलं. हिला विचारायचं तर जेवणाचा डबा घेऊनच बसायला हवं."

सगळ्या हसल्या. लिगायाला आत ऐकू गेलं. पुढे वर्षभर क्लबात कुणी शिंकलं तरी दुसरी म्हणे, "काय गं, आई आठवली का?"

घरी क्लेम म्हणाला, "अगं, इथे कशी आहेस विचारलं की खरं सांगायचं नसतं. 'नॉट टू बॅड' म्हणायचं आणि पुढे जायचं. हात तुटला तरी इथला माणूस तेवढंच म्हणतो."

ते त्याने तिला माझ्या पहिल्या पानावर लिहायला लावलं. मग ती रोज भांडी झाली की मला उघडून बसे. 'पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं काम. 'अंडर द वेदर' म्हणजे तब्येत जराशी नरम. सहा वर्षांत मी भरत आले. क्लबातल्या बाया म्हणू लागल्या, "आता कशी आपल्यासारखी बोलते." तेव्हा मला माझा अभिमान वाटला होता.

एक गोष्ट मात्र माझ्यात कुणी लिहिली नाही. गावातला म्हातारा शेतकरी फोनवर "जरा नरम वाटतंय" म्हणाला, की ग्लेनिस ताबडतोब रुग्णवाहिका पाठवायची. आपली माणसं कमी करून सांगतात, हे तिला ठाऊक होतं.

डिसेंबरात, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, कापणी चालू असताना एका सकाळी लिगायाच्या छातीत दुखू लागलं. तिने मला समोर ठेवलं आणि इस्पितळात फोन लावला.

"जराशी अंडर द वेदर आहे. छातीत थोडं दुखतंय. बाकी नॉट टू बॅड."

"उन्हाचं असेल," ग्लेनिस म्हणाली. "गोळी घे आणि पड जरा."

ग्लेनिसने फोन ठेवण्याआधी शेजारी बसलेल्या नर्सला सांगितलेलंही इकडे ऐकू आलं. "क्लेमची बायको गं. खरंच दुखत असतं तर रडून गाव गोळा केला असता तिने."

लिगायाने पुन्हा फोन केला नाही. दुपारी क्लेमने शेतातल्या कापणी यंत्रावरून बिनतारी रेडिओवर विचारलं, "बरी आहेस ना?"

"नॉट टू बॅड. तू कापणी उरक."

संध्याकाळी तो आला तेव्हा ती फरशीवर पडली होती. अंग गार झालं होतं.

दफनानंतर ग्लेनिस जेवण घेऊन आली. "कधी तक्रार केली नाही रे तिने."

"मीच शिकवलं तिला," क्लेम म्हणाला.

दोन महिन्यांनी ग्लेनिस परत आली. "क्लेम, त्या वहीचं काय करणार आहेस? बेकरीवाल्याने व्हिएतनामची बायको केलीय. बिचारीला बोलता येत नाही."

क्लेमने माझं पहिलं पान फाडून चुलीत घातलं आणि उरलेल्या मला ग्लेनिसच्या हातात दिलं. पहिल्याच शनिवारी क्लबात ग्लेनिसने शेवटच्या कोऱ्या पानावर बेकरीवाल्याच्या त्या मुलीसारख्या बायकोकडून तेच 'नॉट टू बॅड' लिहून घेतलं.

मित्रांनो, वाक्प्रचारांचे अर्थ जरूर पाठ करा. पण कुणाला "कशी आहेस" विचारलंत, तर उत्तर ऐकून निघून जाऊ नका. तिच्या तोंडाकडे बघा. पुन्हा एकदा विचारा. ही मुलगी चोवीस वर्षांची आहे. काल ती एका हाताने पोट धरून पीठ मळत होती. पाव घ्यायला आलेल्या ग्लेनिसने विचारलं, "कशी आहेस?" मुलीने मला न उघडताच उत्तर दिलं. ग्लेनिस पाव घेऊन गेली.