एका माणसाची एकच ओळ

“हजराबी, शेख जफरची आई!” मुख्तार मास्तरांनी ओळ वाचली.

“मेली नाही अजून. लिवा!” म्हातारी भिंतीपासून ओरडली आणि चावडी हसली.

मास्तरांनी त्या ओळीपुढे खूण केली आणि लाकडी पट्टी एक ओळ खाली सरकवली. छप्पन सालची गोष्ट. फुलसावंगीची मतदारयादी तपासायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. रीत साधी होती. पट्टीच्या वरची ओळ वाचायची. माणूस गावात असला तर खूण, मेला किंवा गाव सोडून गेला तर काट. त्या ओळीचं काम उरकल्याशिवाय खाली बघायचं नाही. मुलांना वाचायला शिकवतानाही ते असंच ओळीखाली बोट ठेवायला लावत.

तुळसाबाई सकाळपासून खांबाला टेकून बसली होती. बाकीच्या बाया शेजारणीकडून नवऱ्याचं नाव सांगवून घेत, मास्तर तेवढी त्यांची ओळ आधी उरकत आणि त्या मोकळ्या होत. नवऱ्यानं टाकलेल्या बाईशेजारी मात्र कोणी बसलं नव्हतं. स्वतः नाव घ्यायचं नाही, म्हणून आपलं घर येईपर्यंत ती ओळीमागून ओळ ऐकत राहिली.

“घर सत्तावीस. उकंडा गणाजी.”

तिनं पदर सावरला. “आमचंच घर.”

“उकंडा कुठं आहे?”

“चांद्याकडं खाणीत गेलते. येतीन.”

“किती दिवस झाले?”

“सात वर्सं.”

“मागच्या यादीच्या वक्तीबी येतीनच म्हनत होती,” मागून कौसल्या बोलली. “यादी फाटाले आली, पन पाव्हना काही येऊन नाही राह्यला!”

दोघी-चौघी फिदीफिदी हसल्या. मास्तर हसले नाहीत.

“बाई, तुम्ही म्हणाल तर खूण करतो. पण एका माणसाची एकच ओळ असते. इथं राहिली, तर तिकडच्या यादीत त्याचं नाव चढणार नाही.”

“म्हंजे तिकडं त्याइले मत नाही देता येनार?”

“नाही.”

“अन् इथली कापली तं?”

“तर चढू शकतं. पण कापायचं तर घरच्या माणसानं तोंडानं नाव सांगावं लागतं.”

तुळसाबाईनं हातातल्या बांगड्या मागं सारल्या. संसार केला तेवढी वर्षं त्याला हाक मारायची तर ती बांगड्या वाजवायची. त्याला तेवढं पुरत असे.

“उकंडा,” ती म्हणाली. आवाज बाहेर पडला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, “उकंडा गणाजी. कापा.”

कौसल्येनं तोंडावर हात ठेवला. मास्तरांची पेन्सिल सावकाश आडवी फिरली, पट्टी खाली आली.

“त्याच्या खालच्या ओळीत नुसतं ‘उकंड्याची बायको’ लिहिलंय. असं चालत नाही. तुमचं नाव?”

“तुळसा.”

मास्तरांनी ते पाटीवर कित्ता घालून द्यावा तसं सुवाच्य लिहिलं.

उरलेली घरं संपेपर्यंत ती जागची उठली नाही. चावडी रिकामी झाली, मास्तर कागद बांधू लागले, तेव्हा ती जवळ आली.

“मास्तर, तिकडंबी असीच एकेक ओळ वाचत असतीन?”

“अशीच.”

“अन् नाव आलं का मानूस ‘हाव’ म्हनत असन?”

“म्हणत असेल.”

तुळसाबाईनं मान हलवली. तिथं त्याच्या खालची ओळ कोणाची असेल, हे तिनं विचारलं नाही.