ताज्या टाकीचा पाटा

बोलणे हा दगडाचा धर्म नव्हे. ऐकावे आणि झिजावे, एवढेच आम्हांला सांगितलेले आहे. तरी आज थोडे बोलणार आहे. कारण ज्यांनी बोलायला हवे होते, ती माणसे त्या संध्याकाळी भलतेच बोलत होती.

मी पाटा आहे. काशीत दुर्गाघाटाच्या गल्लीत बिंदुमाधवशास्त्र्यांच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाशेजारी भिंतीला टेकून उभा असतो. वरवंटा माझ्या पायाशी आडवा असतो.

माझा जन्म चुनारच्या खाणीतला. ज्याने मला डोंगरापासून सोडवले, त्यानेच माझ्या अंगभर टाकीने, म्हणजे लोखंडी छिन्नीने, बारीक खळगे पाडले. मला वाटले, ही शिक्षा आहे. पुढे नावेत घालून गंगेच्या धारेबरोबर मला इथे आणले. या घरात पहिल्यांदा माझ्यावर ओले खोबरे ठेवले गेले, तेव्हा कळले की खळगे नसते तर ते नुसते घसरत राहिले असते. माझी विद्या त्या खळग्यांतच होती.

वापराने मात्र मी गुळगुळीत होत जातो. माणसे गुळगुळीत वस्तूचे कौतुक करतात. गुळगुळीत पाटा कोणत्याही कामाचा नसतो. म्हणून अधूनमधून गल्लीत "सिल कुटा लो!" अशी हाक येते आणि मला पुन्हा टाकी लावली जाते. अंगावर ठिणग्या उडतात. दुखते, पण त्या दुखण्याला अर्थ असतो.

टाकी लागली की माझे पथ्य सुरू होते. शास्त्रीबुवांची पत्नी शरदिनी हे पथ्य कडक पाळते. आधी मला खळखळून धुते. जाड मीठ आणि तांदळाची कणी वाटून ती फेकून देते. मग काही दिवस मला तसाच कोरडा ठेवते. खळग्यांत अडकलेली दगडाची कच पुरती निघेपर्यंत ना देवाच्या नैवेद्याचे वाटण, ना माणसाच्या तोंडचे. कोणी हात लावला तर ती लांबूनच ओरडते, "अरे, ताज्या टाकीचा आहे तो! राहू दे त्याला!"

घरात मिक्सर आला तेव्हा मी बरीच वर्षे दाराआड होतो. माझ्यावर केरसुणी टेकवत. मी तक्रार केली नाही. सणावारी मात्र मलाच बाहेर काढीत. विशेषतः नरकचतुर्दशीला, कारण या घरात विकतचे उटणे कधी आले नाही. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, चंदनाचा चुरा, सगळे दुधात भिजवून माझ्यावरच वाटायचे आणि पहाटे साऱ्या घराने ते अंगाला लावून अभ्यंगस्नान करायचे, हा नेम.

आता मालविकेविषयी सांगतो. ती शास्त्रीबुवांची थोरली मुलगी. बँकेत खिडकीवर बसते. वयात येताना तिच्या गालांवर पुटकुळ्या उठल्या. तिने त्या नखांनी फोडल्या. पुटकुळ्या गेल्या, खळगे राहिले. तेव्हापासून तिला डावा हात गालावर ठेवून बोलण्याची सवय जडली. जेवतानासुद्धा हात गालावरच. समोर कोणी नसले तरीही.

एका दुपारी ती बँकेतून येऊन थेट माझ्याजवळ पिंपाशी पाणी प्यायला बसली आणि धाकटी बहीण बकुळ हिला म्हणाली, "आज एक अम्मा आल्या होत्या पेन्शनला. सगळ्यांसमोर म्हणाल्या, बिटिया, चेहरवा पर ई का हो गया? मी काय सांगणार?"

"सांगायचं ना, चाँद पे भी दाग है," बकुळ म्हणाली. बकुळ वकिली शिकते. तिचे अर्धे बोलणे हिंदीत आणि सगळे बोलणे उलट असते.

मालविका हसली नाही. त्या रात्री तिने गालांवर उपाय करायचे ठरवले.

रूपाचा हव्यास मला मान्य नाही. देह देवाने दिला, तो नीट वापरावा, एवढेच मी जाणतो. परंतु देवाने दिलेली मान खाली घालून जगणे हेही त्याला मान्य नसावे. म्हणून त्या मुलीला मी मनातून दोष दिला नाही.

सिगरा मोहल्ल्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला उपाय सांगितला. यंत्राला बारीक सुया असतात. त्या कातडीला असंख्य ठिकाणी टोचतात आणि त्या टोचण्याने कातडी आपली आपण नवी होऊ लागते, खळगे हळूहळू भरत येतात. हे ऐकून मी अस्वस्थ झालो. माझे खळगे पडावेत म्हणून मला टाकी. तिचे भरावेत म्हणून तिला सुई. हत्यार निराळे, हेतू उलटा; परंतु टोचल्यानंतरची गत एकच असणार, हे मला दिसत होते.

तिने तयारी मन लावून केली. रात्री लावायचे जहाल मलम बंद केले. उन्हात घाटावर जाणे सोडले. नवी पुटकुळी उठली नाही ना, हे रोज आरशात पाहिले. उशीचे अभ्रे स्वतः उकळून वाळवले. फक्त एक गोष्ट चुकली. बँकेला दिवाळीची सुट्टी, चार लोकांची नजर पडणार नाही, म्हणून तिने नेमके ते दिवस निवडले. लोकांची नजर चुकवताना तिला घरचा नेम आठवला नाही. ज्या सणात अंगाचा एक कोपराही चोळल्यावाचून सुटत नाही, त्याच सणाच्या तोंडावर ती सुया टोचून घेऊन आली.

योग असा की त्याच सकाळी गल्लीत हाक आली होती आणि शरदिनीने मला टाकी लावून घेतली होती. संध्याकाळी मालविका घरी आली तेव्हा मी ओला, पांढुरका, नव्या खळग्यांनी भरलेला असा भिंतीशी उभा होतो. तिने चेहऱ्यावरची ओढणी काढली. दोन्ही गाल लालबुंद, तापलेले, बारीक टिपक्यांनी भरलेले.

"ताई, तू तर एकदम टमाटर!" बकुळ म्हणाली.

"हसवू नकोस. ताणतं."

शरदिनीच्या हातातले ताट तसेच राहिले. "अगं, हे काय करून आलीस? परवा पहाटे अभ्यंग आहे!"

तेव्हा मालविकेच्या ध्यानात आले. ती खाली बसली. "आई, डॉक्टरांनी सगळं मना केलंय. तेल नाही, उटणं नाही, हळद नाही, गरम पाण्याची वाफ नाही. हातसुद्धा लावायचा नाही. चेहरा सोडून लाव ना."

"चेहरा सोडून? अर्धं स्नान कुठं असतं का?" शरदिनीने नवऱ्याकडे पाहिले. "अहो, सांगा हिला."

शास्त्रीबुवा संध्येची पळी पुसत होते. ते कमी बोलतात. "देहाचे एवढे लाड कशासाठी, हे मी विचारणार नाही," ते म्हणाले. "पण नेम तो नेम."

त्यानंतर घर अस्वस्थ झाले. दुसरा दिवस असा गेला, जणू कोणी आजारी आहे आणि त्याचे नाव घ्यायचे नाही. मालविका खिडकीपासून दूर बसून राहिली. गालावर जाणारा डावा हात ती उजव्या हाताने धरून ठेवी. लाली थोडी उतरली होती. पण कातडी कोरडी, ओढलेली, हसायलाही आखडलेली. शरदिनी चकल्या तळत होती, तर ही माजघरात गेली. तेवढ्यावरून शब्द उठला.

"तेलाचा धूरही चालत नाही का आता?"

"आई, धग लागते."

"हळद कधी कुणाला बाधली आहे? देवाला चालते, नवरीला चालते. तुला तुझ्या डॉक्टरीणबाईंचा भरोसा, आईच्या हाताचा नाही. लहानपणी याच हातांनी चोळून मोठी केली तुला."

हा घाव मात्र वर्मी लागला. मालविका म्हणाली, "ठीक आहे. लाव. चेहऱ्यालाही लाव."

"ताई, पागल आहेस का?" बकुळ म्हणाली.

"राहू दे, बकुळ. आई रडेल."

मायेचा जुलूम हा जुलूमच असतो. तो करणाऱ्याला मात्र कधी दिसत नाही. मी भिंतीशी उभा राहून हे ऐकत होतो आणि मला बोलता येत नव्हते. कच्च्या कातडीवर नागरमोथ्याचा रवाळ लेप चोळला जाणार, खरवडलेल्या जागी विकार झाला तर आहेत त्याहून वाईट डाग उमटणार आणि तो हात आयुष्यभर गालावरून निघणार नाही. हे सारे माझ्याच अंगावर वाटून होणार होते.

दिवेलागणीला शरदिनीने मला आडवे केले. ती रडवेली होती, घाईत होती. मुलीवर जिंकल्याचे समाधान तिच्या तोंडावर नव्हते. भिजवलेली सामग्री तिने माझ्यावर ओतली आणि वरवंटा धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती माझे पथ्य विसरली. मीठ नाही, कणी नाही, विश्रांती नाही. वरवंटा फिरला आणि माझ्या नव्या खळग्यांतली कच सुटू लागली. ती थोपवणे माझ्या हाती नव्हते. तेव्हा मी एकच प्रार्थना केली. गंगामाई, हिच्या बोटांना हे कळू दे.

वाटण झाले. शरदिनीची एक सवय आहे. उटणे मऊ झाले की नाही हे ती स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला चोळून पाहते. तिने चिमूटभर घेतले, चोळले आणि हात झटकन मागे घेतला. मनगटावर तांबडी रेघ उमटली होती.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "याला तर कालच टाकी लावली."

शास्त्रीबुवा पाणी घ्यायला आत आले होते. त्यांनी मनगट पाहिले, वाटी पाहिली. "फेकून दे. ताज्या टाकीच्या पाट्यावरचे अंगाला लावायचे नसते. तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

"हो. विसरले. घाई झाली." ती वाटी घेऊन उठली. "त्याला काही दिवस हात लावायचा नसतो. राहू द्यावं लागतं त्याला."

दारात बकुळ उभी होती. "म्हणजे दगडाला सुट्टी," ती म्हणाली, "आणि ताईला नाही?"

शरदिनी वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. आपल्या मनगटावरच्या रेघेकडे तिने पाहिले. मग माजघरात पाहिले. तिथे मालविका एका हाताने दुसरा हात धरून बसली होती. शरदिनीने वाटी मोरीत उपडी केली आणि पाणी ओतत राहिली. मोरी स्वच्छ झाल्यावरही ओतत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "आता नेमाचं काय?"

शास्त्रीबुवांनी तांब्या खाली ठेवला. त्यांना उत्तर ठाऊक होते. मला वाटते, ते पहिल्यापासूनच ठाऊक होते. परंतु मुलीच्या सुयांवरचा राग आणि धर्म यांत त्यांनी आदल्या संध्याकाळी गल्लत केली होती. "रोग्याला मंत्रस्नान सांगितले आहे," ते म्हणाले. "ते अर्धे नसते. पूर्णच असते."

नरकचतुर्दशीच्या पहाटे इतरांची स्नाने झाली. मालविका कोरड्या धूतवस्त्रात पाटावर बसली. वडिलांनी मंत्र म्हणत दर्भाने तिच्या हातांवर आणि पावलांवर पाणी शिंपडले. एक थेंबही गालाकडे जाऊ दिला नाही. ओवाळताना शरदिनीने निरांजन लांब धरले, धग लागू नये म्हणून. कुंकवाचे बोट कपाळापर्यंत नेले आणि थांबवले. मग तिने ते कुंकू मुलीच्या तळहातावर टेकवले. उरलेले घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि मला लावले. त्यापलीकडे आम्हां दोघांनाही त्या दिवाळीत कोणी हात लावला नाही.

पुढे मालविकेची कातडी कोंड्यासारखी सुटून आली. ती तिने ओढून काढली नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेले साधे मलम ती धुतलेल्या हातांनी लावी आणि बाहेर पडताना उन्हाचे मलम लावून छत्री घेई. माझीही कच निघत गेली. कणी वाटली, फेकली. पुन्हा वाटली, पुन्हा फेकली. थांबणे हीसुद्धा एक सेवा आहे, हे घराला अवघड गेले, पण जमले.

कालच शरदिनीने माझ्यावर ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली. पहिला घास मालविकेला दिला.

"कच लागते का गं?"

"नाही. एकदम मुलायम."

मुलीच्या गालांवर सकाळचा उजेड पडला होता. खळगे होते. काही उथळ वाटले, काही तसेच. अजून काही वेळा सुया टोचून घ्याव्या लागतील आणि तरीही सगळे जाणार नाहीत, असे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितले आहे. मालविका दोन्ही हात ताटाशी ठेवून जेवत होती. ते तिच्या लक्षातही नव्हते.

आता माझे मागणे एवढेच. जे नुकते टोचले गेले आहे, मग तो दगड असो, कातडी असो की मन असो, त्याला काही काळ राहू द्या. तुमची माया कितीही शुद्ध असली तरी ती जरा दूर उभी करा. देवाचे काम आत चालू असते.

जेवण झाल्यावर शरदिनीने हात धुतले. साबणाने धुतले, स्वच्छ फडक्याला पुसले आणि मुलीसमोर येऊन बसली. या पोरीला जन्मापासून चोळणारी, न्हाऊ घालणारी, गालगुच्चे घेणारी ही बाई. हात लावण्याआधी तिने कधी कोणाला विचारले नव्हते.

"मालू," ती म्हणाली, "हात लावू का?"